बंद घरातली माणसं

दोन वर्षांपूर्वी, अकरा सालच्या फेब्रुवारीत, शहादेव गुरुजींनी आमच्या गावाची जनगणना सोसायटीच्या ओट्यावर बसून उरकली. चेअरमन सुंदरराव चहा पीत घरं सांगत होते, गुरुजी लिहीत होते. नावात सहकार असलेल्या त्या सोसायटीत कारभार एकट्याचाच. मी समोरून घागर घेऊन चालले होते. गुरुजी मोठ्यानं म्हणाले, "अजीजचं घर. मुसलमान. मातृभाषा उर्दू."

अजीज माझा नवरा. मी तिथंच थांबले. "गुरुजी, माझी सासू जन्मभर मला मराठीतच शिव्या देत आली. धर्म बघून भाषा लिहिता का?"

सगळे हसले. गुरुजींनी खाडाखोड केली, पण कपाळाला आठ्या घालूनच.

मग मागची गल्ली आली. तिथली माणसं दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या सुमाराला परततात. सुंदरराव म्हणाले, "ती घरं बंद हायत." गुरुजींनी 'बंद' लिहिलं. मी गप्प राहिले. स्वतःच्या भाषेसाठी तेवढी भांडले आणि घरी गेले, याचा मला आजही संताप येतो.

कारण वच्छलामावशी त्याच गल्लीत होती. लेक आणि सून कारखान्यावर गेले, की नातवंडांची शाळा बुडू नये म्हणून म्हातारी म्हाळूला आणि सरूला घेऊन मागं राहायची. अशा म्हाताऱ्या त्या गल्लीत घरोघरी होत्या.

यंदा दुष्काळानं विहिरी संक्रांतीलाच आटवल्या. टँकर आला तो माणशी वीस लिटरच्या हिशेबानं, आणि माणसं धरली ती जनगणनेची. वेशीपासून भरत आलं की मागच्या गल्लीपर्यंत थेंब उरत नसे. मावशी चकलांब्याच्या वाटेवरच्या बोअरवर जायची. एक दिवस पडली, गुडघा सुजला. मग सरू शाळा सोडून पाण्याला जाऊ लागली.

मी सरळ वर्गात शिरले.

"गुरुजी, तुमची हजेरी काढा. त्या सालची. म्हाळू हजर, सरू हजर, रोज तुमच्याच हातानं लिहिलंय. मग त्यांचं घर बंद कसं?"

गुरुजींनी हजेरी काढून पुढ्यात ठेवली. माणूस अगदीच नासका नव्हता. घरोघरी न जाता जनगणना केली, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन मी तहसिलीत गेले. आठ दिवसांनी गुरुजींना नोटीस आली. टँकरच्या खेपा मात्र वाढल्या नाहीत.

मी परत तहसिलीत गेले, तर कारकून म्हणाला, "आकडा न्हाई बदलत, बाई. पुढची गणना एकवीस साली हाय."

"तवर काय थुंकी गिळून ऱ्हावं आमी?" मी ओरडले. त्यानं पंखा वाढवला.

त्याच आठवड्यात ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी कारखान्यावर कमी पडणारी माणसं न्यायला आली. मावशी लंगडत चढली. पाठोपाठ तिनं पोरं वर घेतली. म्हाळूच्या पाठीला दप्तर तसंच होतं. गुरुजी शाळेतून धावत आले.

"मावशी, परीक्षा तोंडावर आलीय. पोरांना कशाला नेता?"

मावशीच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मलाच जास्त आला.

"गुरुजी, तिथं प्यायला पाणी हाय."

गाडी निघाली. गुरुजी धुरळ्यात उभे राहून रडू लागले. मी त्यांना एका शब्दानंही धीर दिला नाही.