सात संक्रांतींचं वाण

परिषद लोकप्रिय संस्कृतीची होती, पण परिषद स्वतः काही फारशी लोकप्रिय नव्हती. हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत चाळीस खुर्च्या मांडलेल्या आणि माणसं आठ. त्यातली तीन याच सत्रात आपापला निबंध वाचायला आलेली. एकीने बर्गरच्या दुकानांतल्या बाहुल्यांवर लिहिलं होतं, दुसऱ्याने टीव्ही मालिकांतल्या भुतांवर, आणि तिसऱ्याने लोक अंगणात जुनं सामान मांडून विकतात त्यावर. चौथी अनया. तिचा विषय होता न्यू जर्सीतल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू आणि त्यात लुटलं जाणारं वाण, म्हणजे स्टीलच्या वाट्या, चाळण्या, प्लॅस्टिकचे डबे. असल्या गोष्टींवर अमेरिकेत पीएचडी मिळते हे नागपूरच्या तिच्या आत्याला अजूनही खरं वाटत नव्हतं.

अनयाचं सगळं लक्ष दुसऱ्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंकडे होतं. प्रोफेसर हेस पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात विभागप्रमुख होत्या आणि त्यांच्याकडे पुढच्या वर्षी एक जागा भरायची होती. आदल्या दिवशी कॉफीच्या रांगेत त्यांनी स्वतःहून अनयाला गाठलं होतं. छापील पुस्तिकेतला तुझा सारांश वाचला, म्हणाल्या, त्यातलं मिसेस केचं कपाट डोक्यातून जात नाही, मी ऐकायला येणार आहे. तेव्हापासून अनया मनातल्या मनात मांडे खात होती.

बाहुल्यांचा निबंध संपत आला तेव्हा दार उघडलं आणि तीन मराठी बायका साड्या सावरत आत आल्या. पुढे राधिका, मंडळाची अध्यक्ष. मागे शैलजामावशी. आणि दोघींच्या मधे, जांभळी पैठणी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी धरलेल्या कांचनकाकू. अनयाने हातातली पानं पालथी घातली. कारण निबंधातल्या मिसेस के त्याच होत्या.

काकूंच्या तळघरातल्या खोलीत ती तीन वर्षं राहत होती. परिषदेबद्दल तिने मुद्दामच घरी बोलणं टाळलं होतं, आणि विषय निघालाच तेव्हा "कंटाळवाणं असतं हो काकू, चार टाळकी येतात," असं म्हणून वेळ मारून नेली होती. पण सत्रांची यादी वेबसाइटवर असते आणि राधिकाच्या तावडीतून कुठलीही वेबसाइट सुटत नाही. तिने ती यादी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर टाकली, खाली लिहिलं 'प्राउड ऑफ अवर अनया', आणि शनिवारी गाडी काढली. यादीत फक्त शीर्षकं होती. सारांश त्यांच्यापैकी कुणीच वाचला नव्हता.

"अगं, खालची रजिस्ट्रेशनवाली मुलगी विचारते, तुमचा डान्स कितीला आहे," मधल्या टाळ्यांच्या आडून राधिका कुजबुजली. "मी म्हटलं, आम्ही ऑडियन्स आहोत यार."

त्यावर काकू खुदकन हसल्या. शैलजामावशींनी त्यांच्या हातावर हलकेच चापट मारली. तिघी पहिल्या रांगेत बसल्या. काकूंना या बायकांमधे बसून हसताना अनया पहिल्यांदाच पाहत होती, आणि नेमकी त्याच दिवशी तिच्या हातात ती सहा पानं होती.

काकूंचे यजमान विवेककाका गेले त्याला सात वर्षं झाली होती. तोवर संक्रांतीला काकूंना पाच-सहा घरांचं बोलावणं असायचं आणि काकूंकडे सगळ्यात मोठं हळदीकुंकू व्हायचं. काका गेल्यावर ते थांबलं. कुणी ठरवून थांबवलं नाही. उलट कुणाला विचारलं असतं तर, छे, आम्ही नाही असलं काही मानत, असंच उत्तर मिळालं असतं. पण आमंत्रणाच्या ईमेलची यादी करताना प्रत्येकीचा हात त्या एका नावापाशी अडखळला, बोलावलं तर तिलाच वाईट वाटेल असं प्रत्येकीने परस्पर ठरवलं, आणि यादी दरवर्षी पुढे तशीच वापरली गेली. शैलजामावशींशी काकूंची तीस वर्षांची मैत्री. त्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी दारात येऊन तिळगुळाचा डबा देऊन जायच्या. आत बसायला त्यांना कधी वेळ नसायचा.

काकू मात्र दर डिसेंबरात ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत जाऊन एकवीस नग वाण आणतच राहिल्या. ते तळघरात वॉशिंग मशीनच्या बाजूच्या कपाटात ठेवायच्या, वर चिठ्ठी चिकटवायच्या. २०१९ वाट्या. २०२० चाळण्या. २०२१ पोळीचे डबे. गेल्या हिवाळ्यात कपडे धुताना अनयाने सहज विचारलं, हे काय, तेव्हा काकूंनी आधी मशीनची काच पदराने पुसली. मग म्हणाल्या, "एखादीने बोलावलंच, तर मग मलाही बोलवावं लागेल ना गं सगळ्यांना. ऐनवेळी घरात काही नसलं तर?" आणि वर जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "हे कुणाला सांगू नकोस हं. शैलजाला तर मुळीच नको. तिला वाटेल, मी तिच्या नावाने रडत बसते."

अनयाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी काकू डॉक्टरकडे गेल्यावर तिने कपाटाचा फोटो काढला. महिन्याभराने हळदीकुंकवावर रीतसर मुलाखत घेतली, संमतीपत्र पुढे केलं, तेव्हा काकूंनी हाताची कणीक पुसली आणि न वाचता सही केली. तू काय वाईट लिहिणार आहेस, असं वर म्हणाल्या. त्या सहीखाली कपाटही आपोआप बसलं असं अनयाने स्वतःला पटवलं. शिकलेल्या माणसाला स्वतःला काहीही पटवता येतं, त्यासाठी तर एवढी वर्षं शिकायचं.

तिचं नाव पुकारलं गेलं. उभं राहून पहिलं पान वाचेपर्यंत तिचं ठरलं, की कपाटाचं पाचवं पान गाळायचं. चौथ्यावरून ती सरळ सहाव्यावर गेली. वाण कुठून येतं, दुकानदार काय म्हणतात, प्लॅस्टिकची जागा पुन्हा स्टीलने कशी घेतली, असं सगळं सांगून वेळेच्या चार मिनिटं आधीच ती थांबली. निबंध पातळ झाला होता. तिला ते कळलं, आणि तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पहिल्या रांगेत काकू दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या.

मग प्रोफेसर हेसनी हात वर केला. त्यांचा आवाज मायाळू होता. सारांशात एका स्त्रीच्या कपाटाचा उल्लेख होता, त्या म्हणाल्या, माझ्या मते तोच या निबंधाचा प्राण आहे. वेळ आहे, तर त्याबद्दल सांगशील का?

तेव्हा अनयाला 'नाही' म्हणता आलं असतं. त्या बाईंची परवानगी पुन्हा घ्यायची आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि प्रोफेसर हेस त्यावर समजूतदारपणे मान हलवून गप्प बसल्या असत्या. हे वाक्य तिला तेव्हाही सुचलं होतं. नंतर कितीदा तरी तिने मनाची समजूत घालायचा प्रयत्न केला की ते सुचलं नव्हतं. पण सुचलं होतं. तिने काकूंकडे पाहिलं, हेसबाईंकडे पाहिलं, आणि लॅपटॉपवरची कळ दाबली.

पडद्यावर कपाट आलं. अनया भराभर बोलत सुटली, अगदी अमेरिकन वळणाच्या इंग्रजीत, जणू वेगाने बोललं की पहिल्या रांगेला समजणार नाही. पहिल्या रांगेतल्या दोघींनी चाळीस वर्षं या देशात काढली होती. तिने सगळं सांगितलं. नवरा गेल्यावर बंद झालेलं बोलावणं, दुसऱ्या दिवशी दारात येणारा तिळगुळाचा डबा, एकवीस नग. 'ऐनवेळी घरात काही नसलं तर', हे वाक्यसुद्धा तिने काकूंच्याच सुरात म्हटलं, आणि ते इतकं छान जमलं की भुतांच्या निबंधवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

टाळ्या झाल्या. आधीच्या तिघांपेक्षा जास्त झाल्या. या वेळी काकूंचे हात पिशवीवर होते.

"कोण असेल गं ही?" राधिका खरोखरच हळहळून म्हणाली. "किती सॅड आहे यार. आपल्या मंडळात असं कुणी करत नाही."

"असेल कुणी फिलाडेल्फियाकडची," काकू म्हणाल्या.

शैलजामावशी पडद्याकडे बघत होत्या. चिठ्ठ्यांवरचं ते डावीकडे झुकलेलं अक्षर तीस वर्षं त्यांच्या फ्रीजमधल्या लोणच्याच्या बरण्यांवर होतं. त्यांनी आपला पदर उगीचच नीट केला, पर्स उघडली, बंद केली, आणि काकूंकडे वळून बघायची त्यांना हिंमत झाली नाही.

अनयाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण खाली हॉटेलची लॉबी होती आणि पुढ्यात प्रोफेसर हेस उभ्या होत्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला, कार्ड दिलं, पूर्ण निबंध फोटोसकट पाठव म्हणाल्या. अनयाने पाठवते म्हटलं. तिची लाज खरी होती, पण त्या लाजेने तिची जीभ काही धरली नाही.

पिशवीत काकूंनी सांज्याच्या पोळ्या आणल्या होत्या. लॉबीतल्या सोफ्यावर बसून त्यांनी सगळ्यांना वाढल्या, भुतांच्या निबंधवाल्यालासुद्धा. "लेक्चर छान झालं हं," त्यांनी अनयाला दोन पोळ्या दिल्या. तिने त्या कागदी रुमालात गुंडाळून पर्समधे ठेवल्या.

परत येताना काकू अनयाच्या गाडीत बसल्या. शैलजामावशींना राधिकाच्याच गाडीतून जायची घाई होती. टर्नपाइकचा हायवे लागल्यावर अनया म्हणाली, "काकू, मी सांगणार नव्हते. मी ते पान गाळलं होतं. त्यांनी विचारलं म्हणून..."

"सही मीच केली होती ना," काकू म्हणाल्या.

"मला माफ करा."

"तू पुढे बघ. ट्रक आहे."

मग घर येईपर्यंत त्या मांडीवरच्या रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अनया कानकोंडी होऊन गाडी हाकत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती कपडे धुवायला गेली तर कपाट रिकामं होतं. चर्चच्या दानपेटीची गाडी मंगळवारी येऊन गेली होती. काकूंनी फळ्या पुसून घेतल्या होत्या आणि मधल्या फळीवर साबणाच्या बाटल्या ओळीने लावल्या होत्या. चिठ्ठ्या निघाल्या होत्या, त्यांचा चिकटपणा लाकडावर तसाच राहिला होता. आता ते सगळं वाण फक्त अनयाच्या लॅपटॉपमधे होतं. फोटो पुसून टाकावा म्हणून तिने दोनदा तो उघडला आणि दोनदा तसाच बंद केला. तोपर्यंत तो पेनसिल्व्हेनियालाही पोचला होता.

राधिकाला शैलजामावशींनी सांगितलं की तिचं तिलाच उमगलं, कोण जाणे. जानेवारी लागला आणि फोन सुरू झाले. पहिला शैलजामावशींचा, मग राधिकाचा, मग ज्यांच्याशी पाच वर्षांत बोलणं नव्हतं अशा दोघींचा. सगळ्यांनी आग्रहाने बोलावलं. सगळ्यांचे आवाज सारखेच मऊ होते, आजारी माणसाशी बोलताना होतात तसे.

अनया धुतलेले कपडे घेऊन वर आली तेव्हा काकू तिळगुळाचा पाक ढवळत होत्या. शेजारी फोन पडला होता, नुकताच ठेवलेला.

"सहावं बोलावणं," काकू म्हणाल्या.

अनयाला क्षणभर वाटलं, चला, निदान एवढं तरी बरं झालं. ते बहुधा तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"सात वर्षं मी वाट बघत होते ती याची नव्हे हं," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला वाटायचं, एखादीला माझी आठवण होईल. कांचनशिवाय मजा नाही, असं कुणीतरी म्हणेल. यांनी कांचनला बोलावलेलं नाही. तुझ्या मिसेस केला बोलावलंय."

"मग तुम्ही नका जाऊ, काकू."

"जायला तर हवं. नाही गेले तर म्हणतील, मनात धरून बसली. गेले की सगळ्या जवळ घेतील आणि डोळे पुसतील." त्यांनी पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला, बोटाने चाचपून पाहिला. "तुझ्या त्या बाईंचं काही आलं का?"

अनयाने कपड्यांचा ढीग छातीशी धरला. "आलं. इंटरव्ह्यूला बोलावलंय. सव्वीस तारखेला."

"जाणार ना?"

तिने ढिगातला वरचा टॉवेल पुन्हा नीट केला. तिकीट तिने सकाळीच काढलं होतं.

"जा," काकू म्हणाल्या. "तुला आणि मला, दोघींनाही मिसेस केच्याच नावावर बोलावलंय." आणि पाक पुढे जाईल म्हणून त्यांनी गॅस बंद केला.