आठ हजार लिटरचा पंप

"एक थेंब. एक थेंब जरी खाली पडला ना, तर मी तो बशीत घेऊन पितो," असं म्हणून फांगने प्लग खोचला आणि बटण दाबलं.

खालच्या मजल्यावरच्या हूंगबाई दारातच उभ्या होत्या. हातात शेंगदाण्याच्या वड्यांची बशी. वड्या हे निमित्त. दोन महिन्यांत दोनदा त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळलं होतं, आणि तिसऱ्या वेळेला आपण वरच्या मजल्यावर हजर असावं असं त्यांनी ठरवलं होतं.

पंप घूं करून सुरू झाला. कपाटातल्या खालच्या टाकीतलं पाणी पाइपातून जोरात वर चढलं आणि पाच फुटी काचेच्या टाकीत धो धो पडायला लागलं. हातभर लांबीचा सोनेरी मासा एका कोपऱ्यात जाऊन बसला. दुसऱ्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोची पेटी होती. जास्तीचं पाणी तिच्यात पडायचं आणि आपोआप खाली उतरायचं, अशी योजना. पेटीने दोन मिनिटं गटागट पाणी गिळलं, मग तिला ठसका लागल्यासारखं झालं. पाणी काठावर आलं, क्षणभर तिथे थबकलं, आणि चारी बाजूंनी खाली आलं.

हूंगबाईंनी उरलेली वडी तोंडात टाकली आणि रिकामी बशी पुढे केली.

"घ्या. पाहिजे तेवढं आहे."

फांगने तैनानच्या साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. पाणी कुठून कुठे जातं हे आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्याचं मत होतं. त्याची बायको मेई-चू हिचं मत वेगळं होतं. दुसऱ्या पुरानंतर तिने पाय पुसले, बॅग भरली आणि ती च्याई शहरात बहिणीकडे निघून गेली. त्याला सहा आठवडे झाले होते. परवा फोनवर तिने एवढंच सांगितलं, की तोंगझीला, म्हणजे हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी, गोड गोळे खायला येईन. फरशी कोरडी दिसली तर बॅग आत आणीन. नाहीतर पुन्हा बोलवू नकोस.

तोंगझीला पाच दिवस उरले होते.

मासेवाल्या आ-खूनच्या दुकानात फांग ओल्या चपलांनी शिरला.

"ओव्हरफ्लो मोठा दे."

"फांगदादा, काचेला आणखी मोठं भोक पाडलं तर टाकीच फुटेल. ओव्हरफ्लोत दोष नाही, पंपात आहे. पोट एवढंसं आणि तुम्ही घास भरवताय हत्तीचा. खाली जेवढं उतरतं त्यापेक्षा कमीच वर चढलं पाहिजे." आ-खूनने फळीवरून एक खोकं काढलं. "हा घ्या. तुमच्या टाकीच्या मापाचा. तासाला चार हजार लिटर."

फांग खोक्यापासून एक पाऊल मागे सरला.

"चार?"

"चार."

"तुझ्या घरी लाव चार. माझ्या गाडीच्या नंबरात चार नाही, फोनच्या नंबरात चार नाही. लग्नात चार तारीख मिळत होती तर मी दोन महिने थांबलो. आणि आता आपल्या बोलीत मरणासारखाच ऐकू येणारा आकडा बैठकीच्या खोलीत आणून त्याला वीज पुरवू?"

"मग मेई-चूवहिनी दोन महिने वाचल्या म्हणायच्या."

"तीन हजारचा दे."

"एवढ्या उंचीवर तो नुसती लाळ गाळेल. मासा गुदमरेल."

"म्हणूनच आठ घेतला होता. आठ लाभतो."

"लाभला ना. हूंगबाईंना."

फांग हलेना. दोघं बराच वेळ एका कासवाकडे बघत बसले. शेवटी आ-खूनने मान डोलावली.

"बरं. उद्या मी स्वतः येतो. आठ हजारचाच आणतो, पण नवीन प्रकारचा. शांत चालतो. फक्त एक ऐका. खालची टाकी तिसरा हिस्सा रिकामी ठेवा. वीज गेली की वरचं थोडं पाणी खाली येतं. त्याला जागा लागते."

दुसऱ्या दिवशी आ-खून आला. त्याच्याकडच्या खोक्यावर ठळक आठ होता. पंप त्याने फांगची पाठ वळलेली असताना बसवला. पाणी अलगद वर चढलं, अलगद उतरलं. मासा टाकीभर फिरायला लागला. फांग तीन दिवस वर्तमानपत्र अंथरून टाकीभोवती बसला. वर्तमानपत्र कोरडंच राहिलं.

तोंगझीच्या सकाळी त्याने फरशी तीनदा पुसली, तांदळाचा डबा भरला, तेलाची बाटली भरली, चहाची बरणी भरली. सणाला घरातलं भांडं अर्धं असू नये. मग त्याची नजर खालच्या टाकीकडे गेली. तिसरा हिस्सा रिकामी. त्याने तीही काठोकाठ भरली.

मेई-चू अकराला आली. चाकांची बॅग तिने दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली, बूट काढले, घरातल्या सपाता घातल्या आणि फरशीवरून एकदा पाय फिरवला.

"कोरडी आहे," ती म्हणाली. ती जरा हसलीसुद्धा.

फांगने गोळ्यांचा वाडगा तिच्यापुढे ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. आठ हजार लिटर. पाइपाची जाडी. पाणी चढायची उंची. कोपरा आला की दाब किती पडतो. आ-खूनला काही कळत नाही, पण नशिबाने माल चांगला निघाला. मेई-चूने पहिला गोळा खाल्ला, दुसरा खाल्ला. तिने दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात गोळा घातला. वाडगा संपला तेव्हा फांग गाळणीच्या स्पंजावर आला होता.

"ये ना, बघ तर खरं," म्हणत त्याने कपाटाचं दार उघडलं.

मेई-चू वाकली. पंपावर नखाएवढी पट्टी होती, तिच्यावर मुंगीएवढी अक्षरं. ती बराच वेळ वाकून राहिली. मग सरळ झाली, सावकाश मागे येऊन उंबऱ्यावर उभी राहिली, आणि म्हणाली,

"यावर चार हजार लिहिलंय."

फांगने एका झेपेत प्लग उपटला.

पंप थांबला. वरचं पाणी जसं नेहमी उतरतं तसं उतरत राहिलं, आणि पाइपातलंही उलटं खाली आलं. खालची टाकी काठोकाठ होतीच. कपाटाच्या दारातून पाणी शांतपणे बाहेर आलं, टेबलाखालून गेलं, फांगच्या पायांभोवती फिरलं आणि उंबऱ्याला येऊन थांबलं. उंबऱ्यावर मेई-चू होती. तिच्या सपाता कोरड्या होत्या.

खालून हूंगबाईंची हाक आली, "फांग! परत?"

फांग मेई-चूकडे बघत होता. काहीतरी वेगळं दिसत होतं, सकाळपासूनच दिसत असणार.

"तुझा चष्मा कुठाय?"

"मोतीबिंदू काढला. महिना झाला."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं, म्हाताऱ्या माकडा. फोनवर. तू मला लिटर सांगत होतास."

तिने बूट घातले. फांग पाण्यात उभा राहून म्हणाला, "जेवून तरी जा." बॅगेची चाकं लिफ्टपर्यंत वाजत गेली. तो अनवाणी मागे गेला. दरवाजा मिटताना मेई-चूने हात आडवा धरला.

"आत जा आणि प्लग लाव," ती म्हणाली. "मासा मरेल. त्याने काय केलंय?"

तिने हात काढला. लिफ्ट खाली निघाली.

लग्नाच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदाच फांगने वाद घातला नाही. तो आत गेला, फरशीवरच्या पाण्यातून प्लग उचलला, शर्टाला दोनदा पुसला आणि जमिनीवरच्या ओल्या बोर्डात खोचला. फट् असा आवाज झाला आणि आख्ख्या इमारतीची वीज गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.