भिवराबाईचा वॉकर

मला चार पाय आहेत, पण मित्रांनो, स्वतःहून मला एक पाऊलही टाकता येत नाही. मी एक जुना वॉकर आहे. ज्यांचा पाय मोडतो त्यांनी माझ्या दोन्ही मुठी धरायच्या, मला पुढे ठेवायचे आणि मग आपला पाय माझ्या मागे आणायचा, एवढेच माझे काम. माझा सांगाडा अॅल्युमिनियमचा आहे. पायांना रबराच्या टोप्या आहेत. त्या आता झिजून एका बाजूला कलल्या आहेत, कारण मला धरणारी बाई एका बाजूला जास्त भार द्यायची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवते ते बीडमधले दवाखान्यासमोरचे दुकान. तिथे मी कुबड्यांच्या शेजारी छताला उलटा टांगलेला होतो. दसऱ्याच्या सुमारास गहिनीनाथ नावाचा एक उंच, काळासावळा माणूस आला आणि त्याने मला खाली उतरवायला लावले. माझ्यावर स्वतःचा सगळा भार टाकून पाहिला. मग मला खांद्यावर अडकवून तो एस.टी.त बसला. आष्टीच्या पुढच्या फाट्यावर उतरून तो मला त्याच्या वस्तीवर घेऊन गेला.

घरात खाटेवर त्याची बायको भिवराबाई पडली होती. मागच्या हंगामात ऊसतोडीला गेली असताना मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढत होती. फळी सरकली, बाई खाली आली आणि मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. हाडात सळई घातली, पण हाड लवकर धरेना. सगळा पावसाळा तिने खाटेवर काढला. आता डॉक्टर म्हणाले होते, "हाड धरलंय, पण पाय वाळलाय. चालाल तरच पाय परत येईल."

भिवराबाईने मला पाहिले आणि तोंड फिरवले. "हे म्हातारीचं सामान कशाला आणलंय?"

"म्हातारी होऊस्तवर चालायचं हाय ना तुला? मग धर," गहिनीनाथ म्हणाला.

तिने धरले. उभी राहिली आणि तिचा सगळा भार माझ्या चारही पायांत उतरला. त्या दिवशी ती नुसती उभीच राहिली.

गहिनीनाथ भला माणूस होता. भिवराबाईला खाली बसता येत नव्हते, म्हणून त्याने प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती संडासात ठेवली. चूल उचलून ओट्यावर मांडली. पण दिवाळी झाली आणि वस्ती ऊसतोडीला निघाली. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि मुकादम टोळीत जोडीच मागतो. त्यांची मुलगी वर्षाराणी दहावीला होती. एका सकाळी मी पाहिले, तिच्या दप्तराशेजारी दुसरा कोयता पोत्यात गुंडाळून ठेवला होता.

भिवराबाईलाही तो दिसला. गहिनीनाथच खाली मान घालून बोलला, "तू चालाय लागलीस की पोरीला माघारी धाडतो. परीक्षेच्या आधी. आईची आण."

"मी चालले की मीच येती," भिवराबाई म्हणाली.

टोळीचा ट्रॅक्टर दोघांना घेऊन गेला. वस्तीतल्या दारांना एकामागून एक कुलुपे लागली. राहिली ती म्हातारी माणसे, शेळ्या आणि आम्ही दोघे.

मित्रांनो, एकटेपणा मला तेव्हा कळला. सकाळी भिवराबाई गुडघ्याखाली लुगड्याची घडी ठेवून पाय दाबायची. मग पिशवीत वाळू भरून ती घोट्याला बांधायची आणि पाय उचलायची. कपाळावर घाम यायचा, पण 'पुरे' म्हणायला घरात कोणी नसायचे आणि 'अजून एकदा' म्हणायलाही कोणी नसायचे. नंतर माझी पाळी. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून अंगणापर्यंत. उंबरा आम्हा दोघांचा वैरी होता. माझे पुढचे पाय पलीकडे, मागचे अलीकडे आणि मधे ती, श्वास रोखून.

शेजारची कौशल्याबाई शेळ्या सोडायच्या आधी पाण्याची कळशी ठेवून जायची. तिला ऐकू कमी यायचे, म्हणून भिवराबाईला ओरडून बोलावे लागे.

"कावून जिवाला तरास देतीस गं?" कौशल्याबाई म्हणायची. "दादला येईल की उन्हाळ्यात. तवर पड निवांत."

"पोरीची परीक्षा थांबती का मावशी उन्हाळ्यापस्तोर?"

कौशल्याबाईला ते ऐकू गेले की नाही, कोण जाणे. ती शेळ्यांमागे निघून जायची आणि दिवसभर पुन्हा शांतता.

एकदा भिवराबाईने हौदापर्यंत जायचे ठरवले. गल्लीत खडी होती. माझा एक पाय खडीवरून निसटला, मी एकीकडे गेलो आणि ती दुसरीकडे पडली. पडल्या पडल्या तिने मांडी चाचपली. हाड शाबूत वाटले. मग तिने हाक मारली. एकेका घराचे नाव घेऊन हाक मारली, जणू आत माणसे होतीच. एक कुत्रे तेवढे आले, हुंगून गेले. मी हाताच्या अंतरावर आडवा पडलो होतो आणि मला तिच्याकडे सरकता येत नव्हते. इतका निरुपयोगी मी कधी नव्हतो.

ती थोडा वेळ रडली. मग कोपरांवर सरपटत जवळच्या दारापाशी गेली, दाराची कडी धरली आणि त्या कुलूपबंद घराच्या आधाराने उभी राहिली. मला उचलून सरळ केले. "चल बाबा," ती मला म्हणाली, "आता हौद काय पळून जातोय?" आणि आम्ही हौदाकडेच गेलो, घराकडे नाही.

वर्षाराणीचा फोन चार-आठ दिवसांनी यायचा. एकदा ती म्हणाली, "आई, पुस्तक आणलंय मी. पर उसाच्या पाचटानं बोटं कापलीत. पेन धरवंना." भिवराबाई म्हणाली, "खोबऱ्याचं तेल लाव," आणि फोन ठेवला. त्या दुपारी तिने पिशवीत आणखी वाळू भरली.

हळूहळू पाय भरत आला. एके दिवशी तिने मला दारात ठेवले आणि काठी घेऊन गेली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू! पण तिची पाठ लांब जाताना पाहून आनंदही झाला. पुढे काठीही सुटली. ती पाणी आणू लागली. अंगणात कडबा उभा करून ती कोयत्याने तोडायची आणि पेंढ्या बांधायची. गुडघा पुरता वळत नव्हता. म्हणून दुखरा पाय बाजूला ताठ ठेवून कमरेत वाकायचे, असे तिने स्वतःच बसवले.

तपासणीला ती शेवटची बीडला गेली, तेव्हा सवयीने मला सोबत नेले. डॉक्टरांनी शाबासकी दिली आणि बजावले, "वजन उचलायचं नाही हां."

"न्हाई उचलत," ती म्हणाली. पुढचा बेत तिने त्यांना सांगितला नाही. मी सांगू शकलो असतो तर सांगितला असता का? अजूनही मला ठरवता आलेले नाही.

संक्रांत झाल्यावर तिने मला कोपऱ्यात ठेवले, घराला कुलूप लावले आणि एस.टी.ने निघून गेली. बंद घरात उंदरांनी माझ्या मुठीचे रबर कुरतडले. मग एका दुपारी कुलूप उघडले आणि वर्षाराणी आत आली, उन्हाने काळवंडलेली.

तिने कौशल्याबाईला मोठमोठ्याने सगळे सांगितले ते मी ऐकले; बापाला ती अण्णा म्हणते. "आई उसाच्या फडात चालत आली. अण्णा तिच्यावर खेकसले, कावून आलीस म्हणून. ती म्हणली, पोरीला धाडा. सुग्रीव मुकादम म्हणला, ही लंगडती बाई काय तोडणार? मग आईनं माझ्या हातातला कोयता घेतला आन् सरी तोडाय घेतली. मुकादम लई वेळ बघत हुभा राह्यला. म्हणला, तू तोड आन् बांध, मोळीला हात लावू नको. आता मोळ्या अण्णा एकटेच वाहतेत."

"मग रडायलीस कावून?" कौशल्याबाईने विचारले.

"मी निघले तवा ती बांधावर बसायला गेली, आन् तिला बसताच येईना," वर्षाराणी म्हणाली.

ती परीक्षेपर्यंत त्या घरात बहुतेक एकटीच राहिली. रात्री कौशल्याबाई सोबतीला येऊन झोपायची. धुतलेला गणवेश वर्षाराणी माझ्यावर वाळत घालायची आणि मोठ्याने वाचायची. रिकाम्या वस्तीत तिचा आवाज फार लहान वाटे. पण तिने सगळे पेपर दिले.

पाडव्यानंतर ट्रॅक्टर परतला. भिवराबाई स्वतः खाली उतरली. तिच्या चालण्यात आता कायमचा झोल आहे, संध्याकाळी पाय सुजतो आणि मांडी घालून पंगतीत बसणे तिच्या नशिबातून गेले. पण ती चालते. मला तिने माळ्यावर टाकले. धूळ बसली, कोळ्यांनी जाळी विणली. वॉकरच्या आयुष्यात ही चांगली बातमी असते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग वस्तीतल्या म्हाळूची मोटारसायकल घसरली. पाय मोडला. त्याचा बाप मला मागायला आला, पण भिवराबाईने मला त्याच्या हाती दिले नाही. फडक्याने पुसले आणि स्वतः घेऊन गेली. म्हाळू भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"ठिवा तिकडं कोपऱ्यात, काकू," तो म्हणाला.

"ठिवायला न्हाई आणला. ऊठ."

"उद्या बघू. तुमी जावा, कामं असतील."

"कामं हायेतच," भिवराबाई म्हणाली. तिने खुर्ची दाराशी ओढली आणि पाय ताठ ठेवून बसली. "पर मी जात न्हाई."

मित्रांनो, मी भार पेलतो, पण मला बोलता येत नाही. तुमच्या गल्लीत कोणाचा पाय मोडला असेल, तर माझ्यासारखा वॉकर नुसता पोहोचवून परत फिरू नका. थोडा वेळ बसा. त्याचे पाऊल पडेल तेव्हा ते कोणीतरी पाहिले पाहिजे.

भिवराबाई रोज येते. आज म्हाळूने उंबऱ्यापलीकडे माझे पुढचे पाय टेकवले, आणि ती खुर्चीवरून ओरडली, "हां! आता तुपला पाय!"