मधलं दार

काकूंचं डोकं आज सणकलंच. काकांच्या घोट्यावरची जखम काही केल्या भरेना. जखमांचे डॉक्टर रोज मलम चोपडायचे आणि जखम लवकर भरावी म्हणून काकांना ऑक्सिजनच्या बंद चेंबरमध्ये बसवणारे शेजारच्या खोलीतले डॉक्टर तेच मलम खरवडायला लावायचे. तेलकट काही आत गेलं तर भडका उडेल म्हणे! खरवडताना काका कळवळायचे.

"अहो, एकदा आपसात बोला ना!" काकूंनी दोघांनाही विनवलं होतं.

"ते फार बिझी असतात," दोघांनीही तेच ऐकवलं होतं.

काकूंनी मधलं दार लाथेनं उघडलं आणि काकांची व्हीलचेअर दारातच आडवी लावली. "हा पाय. बोला आता, नाहीतर हलायची नाही मी!"

दोन्ही डॉक्टर उठून दाराशी आले.

"आपण कोण?" एकानं दुसऱ्याला विचारलं.