दीडशेच्या पुढची खूण

अग्निशमन दलात भरती. उंची किमान एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर.

वकीलसाहेबांचा सदरा, बगलेत ढगळ.

पिवळी टेप. विसाच्या आकड्यावर इस्त्रीचा डाग.

अर्ज आज पाचला बंद.

मुलगी भांडी आदळत होती, कारण ती एकशे छप्पन्न भरली होती. शिवणकाम करणाऱ्या तिच्या आईनंच परवा तिला चौकटीला उभं करून मोजलं होतं, आणि आईचं माप चुकत नाही हे त्या घरात कुणी तपासायला जात नसे.

मग वकील शिवलेला सदरा घेऊन परत आले. त्यांनी दुसऱ्या शिंप्यानं घेतलेली मापं चिठ्ठीवर दिली होती.

"बाई, यात मी आणि माझा अशील, दोघे मावतो."

आईनं चिठ्ठी पाहिली, शिवण पाहिली. दोन्ही बरोबर. उरली टेप. बावीस वर्षं तिनं गिऱ्हाइकाचं अंग मोजलं याच टेपनं आणि कापड बेतलं तेही याच टेपनं. मग चूक दिसणार कुठून? शिवण शिकवणाऱ्या बाईंनी ही टेप देताना सांगितलं होतं, "डोळ्यावर जाऊ नकोस, टेपवर जा."

ती तशीच हार्डवेअरच्या दुकानात धावली. दुकानदारानं पोलादी टेप शेजारी धरली. तिचे दीडशे त्याच्या एकशे बावन्नच्याही पुढे गेले.

"ताणलीय, ताई. टाकून द्या."

"तुमची बरोबर कशावरून?"

"कंपनीनं छापलंय."

"कंपनीला कुणी सांगितलं?"

"ताई, मी खिळे विकतो."

"दुसरी काढा."

दुसरीही तेच म्हणाली.

"या दोघी एकमेकींना विचारून तर बोलत नाहीत ना?"

दुकानदारानं पहिली तिच्या हातात कोंबली. "घेऊन जा. उद्या आणून द्या."

साडेचारला मुलगी पुन्हा चौकटीला. एकशे साडेअठ्ठावन्न.

"परवा छप्पन्न होते."

"हो."

"मग आता कुणाचं ऐकू?"

'टेपचं' हे आईच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "माझं नको ऐकूस. ते तिथे मोजतीलच."

"पण आत्ता आकडा कोण सांगतंय?"

"मीच."

"मग झालं तर." मुलीनं आकडा लिहिला. अर्ज गेला, चार पन्नासला.

आई घरभर मोजत सुटली. ओटा, खाट, उंबरा, स्वतःचं मनगट. एकदा पिवळीनं, एकदा पोलादीनं.

जन्मली तेव्हा मुलगी एकोणपन्नास सेंटिमीटर होती, असं नर्सनं सांगितलं होतं; कुठल्या टेपनं, ते आईनं विचारलं नव्हतं.