सूचना क्रमांक तेवीस

मी अर्ज बोलतोय. माध्यमिक शाळेतल्या प्रवेशाचा छापील अर्ज, अनुक्रमांक दोनशे अठरा. अर्ज बोलायला लागला म्हणून दचकू नका. आमच्या तोंडून तुम्ही एकमेकांना नाही नाही ते प्रश्न विचारता, तेव्हा कुणी दचकत नाही. मग आज थोडं मला माझं बोलू द्या. फार साठलंय.

माझा जन्म एका अरुंद छापखान्यात झाला. मशीनमधून बाहेर पडलो तेव्हा अंग गरम होतं आणि मनात मोठमोठी स्वप्नं होती. कुणी माझ्यावर पत्र लिहील, चित्र काढील, अगदी गेला बाजार कुणी माझी होडी करून पाण्यात सोडील. पण शाई वाळल्यावर स्वतःकडे पाहिलं आणि हिरमुसलो. पुढच्या बाजूला एकतीस प्रश्न, मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बावीस सूचना.

आणि प्रश्न तरी कसले? जन्मतारीख अंकी. जन्मतारीख अक्षरी. वडिलांचे नाव. पालकाचे नाव. वडील हेच पालक असल्यास वडिलांचे नाव पुन्हा लिहावे. हे ज्याने तयार केलं त्याने स्वतः एकदा तरी भरून पाहिलं असतं तर माझे निम्मे प्रश्न गळाले असते. मुलीला काय आवडतं, तिला कशाची भीती वाटते, हे मात्र एकतीस प्रश्नांत कुठे नाही.

आम्ही अडीचशे भावंडं गठ्ठ्यात बांधून शाळेच्या कचेरीत आलो. जागा होत्या साठ. गणित शिकवणाऱ्या शाळेने हे गणित कसं मांडलं होतं, ते तिचं तिला ठाऊक. एका मुलाला एकच अर्ज. माझ्या पाठीवरची पहिली सूचनाच सांगते, ‘अर्ज हरवल्यास, फाटल्यास किंवा खराब झाल्यास दुसरा मिळणार नाही.’ ही सूचना वाचून लोक मला असे धरत, जणू नुकतं जन्मलेलं मूल.

मला नेलं ते एका लॅमिनेशनवाल्याने. चौकात त्याचं दुकान होतं, दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. एक झेरॉक्सचं मशीन, एक लॅमिनेशनचं, आणि भिंतीवर कात्र्या. बायको शिवणकामाच्या कारखान्यात जायची. मुलगी एकच, प्राथमिक शाळेतून पहिल्या पाचांत पास झालेली. वर्गात सगळ्यांत लहानखुरी म्हणून तिला बारकी म्हणत आणि घरीही तेच नाव चिकटलेलं.

बारकीला ही शाळा मिळणं फार गरजेचं होतं. घरातून चालत दहा मिनिटं. दुसरी शाळा दोन बस बदलून जायची. त्या शाळेत बारकीची मावसबहीण जात होती. सहा महिन्यांत तिची उपस्थिती अर्ध्यावर आली आणि वर्ष संपायच्या आत ती घरीच बसली. कुणी तिला शाळेतून काढलं नाही, कुणी रागावलं नाही. बस चुकत गेली आणि शाळा सुटली. बारकीच्या आईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्या घरात मी आलो तेव्हा टेबल पुसलं गेलं, त्यावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं आणि तिघांनी साबणाने हात धुतले.

मग सुरू झाला सराव. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. बाबांनी माझ्या सात झेरॉक्स काढून आणल्या. पहिल्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहिलं, दुसरीवर पेनाने. तिसरीवर व्यवसायाच्या रकान्यावरून नवराबायकोचं वाजलं.

“लॅमिनेशन लिहू नका. स्वतःचं दुकान असं लिहा,” आई म्हणाली.

“दुकान कशाचं, ते विचारतील.”

“विचारू देत की. तुम्ही काय चोरीचा माल विकता?”

सातव्या झेरॉक्सपर्यंत माझा जीव टांगणीला. अखेर बारकीने मला समोर घेतलं. अक्षर तिचं, कारण घरात तेच सगळ्यांत सुवाच्य. एकही खाडाखोड न करता ती खाली खाली येत गेली आणि ‘पालकाचे शिक्षण’ या रकान्यापाशी थांबली.

“बाबा, इथे काय?”

“प्राथमिक पूर्ण,” बाबा म्हणाले. मग कुणी विचारलं नसताना, सांगायला लागले. त्यांनाही पुढे शिकायचं होतं. दाखला शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि शर्ट गेला धुण्यात. शाळेच्या खिडकीपाशी जाऊन खिशात हात घातला तर हाताला लगदा. दुसरा दाखला आणायला गेले तर जुन्या शाळेला सुट्टी लागलेली. तारीख गेली. मग एक वर्षासाठी म्हणून बाइंडिंगच्या कारखान्यात लागले. ते वर्ष अजून चालू आहे, असं म्हणून हसले. बारकी हसली नाही. तिने रकाना भरला आणि माझ्यावर फुंकर घातली.

आता तुम्हाला कळेल की हा माणूस लॅमिनेशनवाला का झाला. त्या घरात बारकीचा जन्मदाखला लॅमिनेट केलेला होता. बसचा पास, औषधांची चिठ्ठी, तिने पहिलीत काढलेलं तीन पायांचं मांजर, सगळं प्लास्टिकमध्ये. लॅमिनेट न झालेली फक्त माणसं उरली होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायची शेवटची तारीख, चार वाजेपर्यंत. आधी का नाही भरला, विचारू नका. सात झेरॉक्स काय उगीच झाल्या? निघताना आईने बजावलं, “नीट न्या हो. मळवू नका.”

एवढं वाक्य पुरलं. बाबांनी मला दुकानात नेलं, हात कोरडे केले, आणि दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये निजवून मशीनच्या तोंडात सरकवलं. छापखान्यातून सुटलो होतो, इथे आगीतून फुफाट्यात पडलो. पलीकडून बाहेर आलो तो ताठ, चकचकीत आणि श्वास कोंडलेला. बाबांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. मी आतून ओरडत होतो की, अहो शहाणे, माझ्या पाठीवरची नववी सूचना वाचा. त्यांनी ती वाचली होती, हेच तर दुःख. ‘पालकाने कार्यालयात समक्ष सही करावी.’ म्हणून सहीचा रकाना त्यांनी आज्ञाधारकपणे कोरा ठेवला होता. आणि मग तो कोरा रकानाही तितक्याच आज्ञाधारकपणे लॅमिनेट केला होता. अति तिथे माती, दुसरं काय.

साडेतीन वाजता आम्ही खिडकीपाशी. बाबा, बारकी आणि मी. खिडकीवाल्या बाईंनी मला हातात घेतलं, वाकवून पाहिलं, टेबलावर आपटून पाहिलं.

“हे काय आहे?”

“अर्ज आहे, मॅडम.”

“ते दिसतंय. असा का आहे?”

“खराब होऊ नये म्हणून.”

बाईंनी कपाळावर हात मारला. मग पेन पुढे केलं. “करा सही.”

बाबांनी सही करायला घेतली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पेन नुसतं घसरत होतं. बाईंनी शिक्का मारून पाहिला तर शाई थेंबाथेंबांनी गोळा झाली आणि अंगठ्याने पुसली गेली. पालथ्या घड्यावर पाणी.

“दुसरा अर्ज,” बाबांनी विचारलं.

“मिळत नाही. सूचना एक.”

“घरी सात झेरॉक्स आहेत. त्यातली एक तर पेनाने पूर्ण भरलेली आहे.”

“झेरॉक्स चालत नाही. सूचना चार.”

“मग मार्करने सही करतो. प्लास्टिकवर बसते.”

“फक्त निळं पेन. सूचना अकरा.” बाई वाईट नव्हत्या. सकाळपासून त्यांनी दोनशे पालकांना तेच तेच सांगितलं होतं, त्यांचाही घसा बसला होता. “अहो, लॅमिनेट करू नका असा नियम नाही, हे मलाही कळतंय. पण सही नाही, शिक्का नाही, तर मी हा घेऊ कसा?”

घड्याळात पावणेचार. मागून रांग पुढे सरकायला लागली. बाबा प्लास्टिकचा कोपरा नखाने उचकटायला लागले. प्लास्टिकबरोबर माझी कातडी सोलून निघेल हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं, तरी ते उचकटत होते. ते स्वतःशीच पुटपुटले, “मी भिजवला नाही या वेळी. मी भिजवला नाही.” मला आयुष्यात पहिल्यांदा माणसाचा राग यायचा थांबला.

बारकीने त्यांचा हात धरला. “बाबा, ओळखपत्रावर सहीची जागा तुम्ही पॉलिश पेपरने घासता ना?”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. रोज दहा ओळखपत्रांवर ते हेच करत. प्लास्टिक खरखरीत केलं की पेन लागतं, शिक्का बसतो. वीस वर्षांचा धंदा, आणि स्वतःच्या मुलीच्या अर्जापाशी आठवण गुल.

पण पॉलिश पेपर दुकानात आणि दुकान पंधरा मिनिटांवर. इथेच घोडं पेंड खात होतं. तेवढ्यात बारकीची नजर दाराशी चहाचा स्टोव्ह पेटवणाऱ्या शिपायाकडे गेली. “मामा, तुमची काड्यापेटी देता?”

शिपायाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी खांदे उडवले. काड्यापेटी आली. काड्या ओढायची ती खरबरीत कड बाबांनी माझ्या सहीच्या रकान्यावर धरली आणि घासायला लागले. मला इतक्या गुदगुल्या झाल्या, इतकी आग झाली, की सांगता सोय नाही. एक कड झिजली, दुसरी लावली. सहीची जागा पांढुरकी झाली, मग शिक्क्याची. बाबांनी फुंकर मारली, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि निळं पेन टेकवलं.

पेन उमटलं.

बाईंनी शिक्का मारला, पोच क्रमांक लिहिला, घड्याळ पाहिलं. चारला दोन मिनिटं कमी. “तेवीस वर्षं या खिडकीत बसते मी,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी मला फाइलमध्ये टाकलं.

फाइलीतले दिवस कंटाळवाणे. मी गुळगुळीत, म्हणून गठ्ठ्यातून सारखा सटकायचो आणि बाकीची भावंडं कुरकुर करायची. आठ दिवसांनी बाहेरच्या फळ्यावर यादी लागली. मला फाइलीतून दिसत नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता.

“मामा, जरा तुम्ही वाचून बघता? सत्तेचाळीस नंबर. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही मला.”

“तुमच्या पोरीचंच नाव आहे,” शिपाई म्हणाला. “माझी काड्यापेटी मात्र देणं लागता तुम्ही.”

बाबा म्हणाले, “डझनभर आणून देतो.” आणि दिल्या, बरं का. शिपायाने ती गोष्ट पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितली.

तुम्हाला वाटेल, इथे माझं सोनं झालं. कसलं सोनं. बाईंना लवकरच शोध लागला की माझ्यावर चहाचा कप ठेवला तर डाग पडत नाही. तेव्हापासून मी टेबलावर. सकाळी अकरा आणि दुपारी चार, दोन वेळा गरम कपाचं बूड अंगावर. एका मुलीचं सगळं आयुष्य पोटात घेऊन मी चहाची बशी झालो. तक्रार करायची म्हटली तर तिचाही अर्ज करावा लागतो.

पण परवा एक गोष्ट घडली आणि ती सांगायलाच हा सगळा खटाटोप. नव्या वर्षाचे अर्ज छापून आले. बाईंनी गठ्ठा माझ्या शेजारीच सोडला. मी वरच्या अर्जाची पाठ वाचली. सूचना एक ते बावीस त्याच, जशाच्या तशा, एकही शहाणी झालेली नाही. आणि खाली नवीन एक. ‘२३. अर्जास लॅमिनेशन करू नये.’

रांगेतल्या एका पालकाने ती वाचली आणि मागच्याला दाखवली. “हे बघा. अर्ज कोण वेडा लॅमिनेट करतो?”

मागचाही हसला. त्यांच्यापुढे, खिडकीशी, एक मुलगी वाचनालयाचं कार्ड घ्यायला उभी होती. गणवेशात, अजूनही वर्गात सगळ्यांत बुटकी असावी. ती मागे वळली.

“माझ्या बाबांनी केला होता,” ती म्हणाली.

त्या दोघांतल्या एकाने, चुकलं माझं बाळा, असं काहीतरी म्हटलं.

“चूक नाही काका. तुम्ही करू नका, एवढंच. मला या शाळेत यायचं होतं, आले.”

बाईंनी कार्ड पुढे केलं. मग त्यांनी माझ्यावरचा कप उचलला, रुमालाने मला पुसलं आणि एक क्षण खिडकीच्या गजांतून तिच्यासमोर धरलं. बारकीने सहीच्या त्या खरखरीत जागेवरून अंगठा फिरवला, दोनदा. नंतर मी पुन्हा फाइलीत गेलो. अजून तिथेच आहे.

आता निरोप घेतो. मागणं एकच. पुढे कधी एखाद्या कागदाच्या पाठीवर एखादी वेडगळ सूचना वाचलीत, तर हसा, खुशाल हसा. पण हसून झालं की आठवा, तुमच्या आधी कुणीतरी तसं करून बसलं होतं, आणि घरून निघताना त्याला कुणीतरी म्हणालं होतं, नीट न्या हो.