वहीतली नाडी

डॉ. मैथिली एमडी झाली होती, तरी जोखमीच्या बाळंतपणांचं खास शिक्षण घ्यायला दोन वर्षांसाठी कल्याणच्या एका हॉस्पिटलात आली होती. तिथल्या मुख्य डॉक्टर हेमा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पेशंट खोटं बोलतो ते बहुतेक भीतीपोटी. रागवायचं नाही, पण ऐकीव गोष्टीवर विसंबायचंही नाही.

जवळच्याच दिवा गावात राहणारी ऐश्वर्या सातव्या महिन्यात होती. तिचं आधीचं बाळ आठव्या महिन्यात, ती दुसऱ्या एका हॉस्पिटलात दाखल असतानाच गेलेलं. इथे तपासलं की तिचं बीपी चढलेलं दिसायचं. डॉक्टरांना बघून घाबरायला होतं, घरी एकदम नॉर्मल असतं, असं ती सांगायची. म्हणून मैथिलीने तिला दहा दिवस घरी मोजून वहीत लिहायला सांगितलं होतं.

वही बघून खरं तर हायसं वाटायला हवं होतं. एकशे सोळा, एकशे अठरा, पुन्हा एकशे सोळा. पण मशीन नाडीचा आकडाही दाखवतं, आणि ऐश्वर्याने तोही इमानेइतबारे उतरवला होता. अठ्ठावन्न. साठ. गरोदर बाईची नाडी इतकी संथ? आत्ता मैथिलीच्या बोटांखाली ती शहाण्णव लागत होती. पावलंही सुजलेली.

तिचा नवरा सर्वेश शेजारीच बसला होता. कबड्डी खेळणारा गडी, पण मघापासून त्याची नजर काही वर होत नव्हती.

"सर्वेश, जरा हात पुढे करा."

एकशे सोळा. नाडी साठ.

मग ऐश्वर्या म्हणाली, "मीच त्याच्या हाताला लावायचे. मागच्या वेळी पण असंच बीपी म्हणून ॲडमिट केलेलं. घरी रिकाम्या हाताने आले मी."

मैथिलीने पट्टा तिच्या दंडाला बांधला. एकशे सत्तर.

त्याच दुपारी तिला दाखल करून घेतलं. प्रत्येक इंजेक्शनला ती विचारायची, हे कशाला, आणि मैथिली दर वेळी बाटली दाखवून सांगायची. बाराव्या दिवशी बीपी औषधांना दाद देईना, तेव्हा हेमा मॅडमनी सिझेरियन केलं. मैथिली मदतीला होती. मुलगी झाली, जेमतेम दीड किलोची. रडली मात्र खणखणीत.

पाच आठवड्यांनी बाळाला घरी सोडलं. निघताना ऐश्वर्याने वजन पुन्हा करायला लावलं. दोन किलो शंभर. काटा बरोबर आहे ना, असंही विचारलं.

मैथिलीने न चिडता दुसऱ्या वॉर्डातून दुसरा काटा मागवला.